जमेल तशी

चैत्रात चार गावांनी बेलभंडारा उचलला
येळवटच्या चिंचेखाली.
कागद लिहायला शेषेराव अर्जनवीस,
भूमच्या कचेरीतून नुकतेच घरी बसलेले.
म्हणाले, एका गावावर टोळी आली
तर ती चारी गावांवर आली असं समजावं.
सगळ्यांनी माना हलवल्या.
समजून करायचं काय?
मदत करावी.
कशी?
शेषेरावांनी टाक दौतीत बुडवला,
थोडा वेळ तसाच धरला
आणि लिहिलं : जमेल तशी.

बाकी कागदभर त्यांनी फारसी पेरली होती.
तिच्यात कुणाला काही अडलं नाही.

दोन महिने टोळी फिरकली नाही.
चौघांचं एक झालंय ही बातमी
ईटच्या बाजारात आमच्याआधी पोचली होती.
लोक म्हणाले, कागद कामाला आला.
कुलूप चोराला दिसलं की झालं,
आत किल्ली फिरते का, कोण बघतंय.

ज्येष्ठात, अवसेच्या आगेमागे
हिवरड्याच्या बुरुजावर जाळ दिसला.
माळवदावर पहारा माझ्या बापाचा. वय सतरा.
त्यानं हाळी दिली. गाव उठलं.
उठलं आणि बोलत बसलं.
भुजंगा म्हणाला, कडब्याची गंजी पेटली असंल.
कुणी म्हणालं, खूण दोन जाळांची ठरली होती,
हा तर एकच.
कुणी म्हणालं, सांगवीचे निघाले का ते बघा आधी.
(सांगवीचे त्या वेळी
आमच्याकडं बघत होते, हे मागून कळलं.)
ठासणीच्या बंदुका तीन, बार अकरा.
आपण तिकडं गेलो आणि ते इकडं आले तर?
हा प्रश्न खोटा नव्हता.
आजही मला त्याचं उत्तर येत नाही.

मौलासाब तांबोळ्यानं पायात जोडा घातला.
म्हणाला, हिवरड्यात माझी साडेतीन रुपये उधारी आहे,
ती काय जळू द्यायची नाही.
कुऱ्हाड घेतली आणि निघाला.
माझा बाप त्याच्या मागं गेला.
ओढ्यापर्यंत.

हे त्यानं मला एकदाच सांगितलं,
भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता.
ओढ्याला पाणी नव्हतं, म्हणाला.
टरफलं गोळा करून उठला.

दिवस उगवताना चाळीस माणसं गेली
भाकरी, हळद, फाडलेली धोतरं घेऊन.
हिवरड्याची अकरा घरं राख झालेली.
मौलासाब विहिरीच्या काठाला टेकून बसलेला,
तळहात सोललेले. रात्रभर रहाट ओढत होता.
भुजंगा त्याला म्हणाला, सांगायचं नव्हतं का रे.
मौलासाबनं पाणी मागितलं.

हिवरड्यानं आम्हाला कधी काही विचारलं नाही.
माझी आत्या त्याच गावात दिली.
पंगतीत नागोराव वाढायला यायचे,
बापाच्या पानावर तुपाची धार जरा लांबच सोडायचे.
बाप हात आडवा धरायचा, पुरे, पुरे.
तोंड वर करायचा नाही.

कागद वाळवीनं खाल्ला.
रद्द मात्र कुणी केला नाही.

आता बालाघाटावर पवनचक्क्या आल्यात.
शेवटच्या साली बापाची नजर अधू झालेली,
तरी लाइट गेली की जिना चढून गच्चीवर.
हिवरड्याच्या अंगाला डोंगरावर तांबडे दिवे,
सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे.
बघ गं, म्हणायचा, जाळ एक आहे का दोन?
मी म्हणायचे, लई आहेत दादा. ते दिवे आहेत.
लई आहेत?
आणि अंधारात पायानं
चप्पल चाचपायला लागायचा.